मिठागरातले तांबडे पाणी



पनवेलहून पेणकडे येणारी रेल्वेगाडी आपटे सोडून जिते स्टेशनात शिरते, तेव्हा डब्याच्या एका अंगाला डोंगर राहतात आणि दुसऱ्या अंगाला जमीन हळूहळू उतरत खाडीकडे गेलेली असते. जिते हे पेण तालुक्यातले गाव. शेजारची हमरापूर आणि जोहे ही गावे गणपतीच्या मूर्तींसाठी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. खारपाड्याचे नाव तर महामार्गावरून जाणाऱ्या प्रत्येकाने वाचलेले असते. मात्र त्या नावातल्या 'खार' या दोन अक्षरांकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आपल्या आजच्या विषयाचे मूळ त्या दोन अक्षरांत आहे. भरतीचे पाणी जिथवर चढते तिथवर एकतर बांध घालून भात पिकवायचे, नाहीतर तेच पाणी मुद्दाम आत घेऊन उन्हात आटवायचे आणि मीठ पिकवायचे, हे जमिनीचे दोन उपयोग इथल्या माणसाने फार पूर्वीच शोधून काढले. 'पिकवायचे' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. आगरातली माणसे तो सहज वापरतात, आणि तो किती नेमका आहे हे पुढे दिसेल.

खारेपाटाचा इतिहास कागदोपत्री भरपूर सापडतो. खाऱ्या जमिनीला बांध घालून ती लागवडीस आणण्याची शिलोत्री पद्धत जुन्या कुलाबा जिल्ह्यात होती, त्याचे उल्लेख आहेत. (हा जिल्हा १९८१ पासून रायगड म्हणून ओळखला जातो.) पेणच्या बंदरातून तांदूळ आणि मीठ बाहेर जात असे. त्याही मागे जायचे तर शिवछत्रपतींचे १६७१ सालचे एक पत्र आहे. कुडाळच्या सुभ्यावरील नरहरी आनंदराव यांना ते लिहिलेले आहे. पोर्तुगिजांच्या बारदेशातले मीठ स्वस्त पडते, व्यापारी तिकडे वळतात आणि आपल्या मुलुखातील मीठ पडून राहते. तेव्हा बारदेशच्या मिठावर अशी जकात बसवावी की ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडावे, असा त्या पत्राचा आशय आहे. मीठ करणाऱ्याचे पोट कशावर चालते याची जाण असलेला राजाच असे पत्र लिहू शकतो. इंग्रजी अमलात मात्र हिशेब उलटा झाला. १८३७ साली मुंबई इलाख्यात मिठावर मणाला आठ आणे कर बसला. १८८८ मध्ये तो अडीच रुपये मण झाला. पुढे तो कमी झाला, १९२३ मध्ये पुन्हा चढला, परत उतरला, आणि १९३० साली गांधीजी दांडीला गेले तेव्हा तो सव्वा रुपया मण होता. त्यानंतर शिरोडा, वडाळा, धारासना इथे काय घडले ते आपण शाळेत शिकलो आहोत. १९४७ साली हा कर उठला.

आता गंमत पाहा. एवढा सगळा इतिहास मिठाच्या वजनाचा आणि कराचा आहे. किती मण निघाले, किती वाहून नेले, किती चोरून नेले, पहारा कुठे बसवला, हे सारे सरकारी कागदांत मांडलेले आहे. पण मीठ तयार होताना पाण्याला कोणता रंग येतो, आणि त्या रंगावरून आगरातला माणूस काय ओळखतो, ही गोष्ट करवसुलीच्या दृष्टीने निरुपयोगी होती. म्हणून ती लिहिली गेली नाही. आज तीच सांगण्याचा माझा विचार आहे.

मिठागर पाहिले नसेल अशा श्रोत्यांसाठी थोडे सांगतो. पावसाळा सरला की बांध दुरुस्त करतात, वाफ्यांतला गाळ काढतात, तळ पायांनी तुडवून तुडवून घट्ट करतात. उधाणाच्या भरतीला खाडीचे पाणी पहिल्या मोठ्या तळ्यात घेतात आणि तिथून ते एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवत नेतात. प्रत्येक मुक्कामाला ऊन-वारा पाणी खातो आणि उरलेले पाणी अधिक खारट होते. हजार किलो समुद्राच्या पाण्यात सगळे क्षार मिळून सुमारे ३५ किलो. त्यात आपले खायचे मीठ सुमारे २७ किलो. पाणी आटून मूळच्या दहाव्या हिश्शावर आले की मीठ तळाशी बसू लागते. त्याच्या आधी जिप्सम बसून जाते, आणि मीठ काढून घेतल्यावर जे कडवट पाणी उरते त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते वेळेवर काढून टाकले नाही तर मीठही कडू होते. म्हणजे सगळी करामत आहे ती पाणी केव्हा पुढच्या वाफ्यात सोडायचे आणि केव्हा थांबायचे, हे ओळखण्यात. आज त्यासाठी बोमे अंशाचा काचेचा मापक मिळतो. समुद्राचे पाणी त्याच्यावर साडेतीनच्या आसपास येते, मीठ बसू लागते ते साडेपंचविसाच्या सुमारास. मापक नव्हता तेव्हा काय करीत? तेव्हा डोळा होता. पहिल्या तळ्यातले पाणी हिरवट. मधल्या वाफ्यांत ते निवळते. शेवटच्या वाफ्यांत, ऐन उन्हाळ्यात, ते तांबूस होते. कधी गुलाबी, कधी गाजराच्या रसासारखे, कधी विटकरी. पाणी तांबडे झाले की मीठ धरायची वेळ आली, एवढे आगरातल्या माणसाला पुरेसे होते.

हा तांबडेपणा येतो कुठून? मातीतून नव्हे. तेच पाणी, तीच माती. हिवाळ्यात तांबडेपणा नसतो. तो जिवंत आहे.

युरोपातल्या विद्वानांनाही हे कोडे बराच काळ सुटले नव्हते. १८३३ साली चार्ल्स डार्विन दक्षिण अमेरिकेत पाटागोनियाच्या सीमेवरील एका खाऱ्या सरोवरावर गेला होता. तिथले पाणी काही ठिकाणी लालसर दिसले, आणि हे बहुधा सूक्ष्म जीवांचे काम असावे असे त्याने नोंदवून ठेवले. इतक्या खाऱ्या पाण्यात जीव राहतातच कसे, याचे त्याला मोठे नवल वाटले होते. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर माँपेलिए गावाजवळ मिठागरे आहेत. तिथे काहींचे म्हणणे असे की पाण्यात कोळंबीसारखा जो बारीक लाल जीव पोहतो त्याच्यामुळे पाणी लाल दिसते. १८३८ साली मिशेल फेलिक्स दुनाल या वनस्पतिशास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तर पाण्यात एकपेशीय लाल शेवाळ भरलेले! ती कोळंबी लाल होती खरी, पण ती हे शेवाळ खात होती म्हणून. कारण आणि परिणाम यांची अशी अदलाबदल इतिहासाच्या अभ्यासातही पुष्कळदा होते, हे जाता जाता सांगतो. पुढे १९०५ साली रुमानियातील एमानोइल तेओदोरेस्को याने या शेवाळाला दुनालच्या सन्मानार्थ 'डुनालिएला' हे नाव दिले.

दुसरा धागा मासळीच्या बाजारातून आला. आपल्याकडेही खारवलेल्या मासळीवर दमट हवेत कधी कधी तांबूस-गुलाबी थर चढलेला दिसतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर खारवलेल्या कॉड माशाचा मोठा धंदा होता आणि मासळी लाल पडून नासण्याची तक्रार फार होती. हार्वर्ड विद्यापीठाच्या विल्यम फार्लो यांनी १८८० च्या सुमारास त्याचा तपास केला, तेव्हा माग निघाला तो मिठापर्यंत! स्पेनमधील कादिझ येथून येणाऱ्या, उन्हात पिकवलेल्या मिठाबरोबरच हे लाल जंतू येत होते. मीठ म्हणजे जंतू मारणारा पदार्थ ही आपली समजूत. इथे तर मीठच जंतूंचे घर निघाले. हे डुनालिएला नव्हेत. ते त्याहून फार लहान, वेगळ्याच कुळातले जीव. मीठ कमी झाले की ते मरतात. १९७७ साली कार्ल वूस यांनी जंतूंच्या कुळांची नवी मांडणी केली, आणि पुढे हे खारप्रेमी जीव 'आर्किया' या स्वतंत्र कुळात गेले. मराठीत त्यांना आदिजीव म्हणू.

तेव्हा मिठागराच्या तांबड्या पाण्यात दोन रंगारी आहेत. एक शेवाळ, एक आदिजीव. आता प्रश्न असा, की रंग ते तयार कसा करतात?

मी इतिहासाचा माणूस. रसायनशास्त्राच्या बाबतीत सहकाऱ्यांना विचारून विचारून शिकलो. पण या प्रश्नाचे उत्तर इतके सुंदर आहे की ते गावातल्या शाळेत सांगता यावे असे मला वाटते. हमरापूरच्या कारखान्यात गेलात तर रांगेने मूर्ती मांडलेल्या दिसतील, आणि सगळ्या पांढऱ्या. रंग शेवटी चढतो. पेशीतही काहीसे तसेच घडते. रंगद्रव्याचा रेणू आधी बिनरंगाचा असतो. त्या अवस्थेतल्या रेणूला रंगाचे पूर्वरूप म्हणू या. फरक एवढाच, की पेशीत रंग बाहेरून लावत नाहीत. पूर्वरूपाच्या अंगातच थोडे थोडे फेरफार होतात आणि ते रंगीत होत जाते. हळदीच्या पिवळ्या डागाला साबण लावला की तो क्षणात लाल होतो, हे घरोघर पाहिलेले आहे. बाहेरचा लाल रंग तिथे कोणी आणलेला नसतो. हळदीच्याच रेणूत किंचित बदल होतो.

गाजरातला, पपईतला, आंब्यातला आणि मिठागरातला हा नारिंगी-तांबडा रंग कॅरोटीनच्या घराण्यातला. गाजरातून तो पहिल्यांदा १८३१ साली वेगळा काढला, म्हणून त्याला गाजराचे नाव मिळाले. त्याची घडण अशी. पेशी आधी पाच कार्बन अणूंची एक छोटी वीट करते. अशा चार विटा जोडून वीस कार्बनची साखळी होते. अशा दोन साखळ्या टोकाशी टोक जोडून चाळीस कार्बनचा रेणू होतो. त्याचे नाव फायटोईन. लांबी पुरी झाली, पण रंग नाही. अगदी पाण्यासारखा. कार्बनच्या या माळेत कुठे एकेरी गाठ असते, कुठे दुहेरी. एकाआड एक अशा सलग दुहेरी गाठी जितक्या अधिक, तितका तो रेणू डोळ्यांना दिसणारा प्रकाश अडवतो, आणि तितका तो रंगीत दिसतो. फायटोईनमध्ये अशा सलग गाठी तीनच. मग विकर नावाची द्रव्ये, म्हणजे पेशीतले कारागीरच म्हणा, एकेका ठिकाणचा हायड्रोजन काढून गाठी वाढवत जातात: तीनाच्या पाच, पाचाच्या सात, सातांच्या नऊ, नवांच्या अकरा. सातला फिकट पिवळा रंग डोकावतो. अकराला लायकोपीन तयार होते. टोमॅटोचा लाल रंग तो हाच. त्याची दोन्ही टोके वळवून कडी केली की बीटा-कॅरोटीन. आदिजीव आणखी दोन विटा जोडून पन्नास कार्बनचे, तेरा सलग गाठींचे, बॅक्टेरिओरुबेरीन नावाचे गडद तांबडे द्रव्य करतात. बिनरंगाचे फायटोईनही वाया गेलेले नसते, बरे का. आपल्याला न दिसणारे अतिनील किरण ते शोषून घेते.

योगायोग असा की कॅरोटीनच्या रेणूची नेमकी रचना स्वित्झर्लंडमध्ये पाउल कारर यांनी १९३० च्या सुमारास उलगडली. आणि १९३० मध्येच इंग्लंडात थॉमस मूर यांनी दाखवले की खाल्लेल्या कॅरोटीनपासून प्राण्याच्या शरीरात अ जीवनसत्त्व बनते. रातांधळेपणावर आपण गाजर, पालेभाजी, पपई सांगतो ते याच आधारावर. आपल्या किनाऱ्यावर लोक मुठीत मीठ उचलून लाठ्या खात होते तो काळ हाच. मीठ पिकते त्या पाण्याच्या रंगाचे कोडे तिकडे प्रयोगशाळेत सुटत होते, आणि दोघांना एकमेकांची वार्ता नव्हती.

पाणी आधी हिरवे आणि मग तांबडे का होते, याचे उत्तरही पूर्वरूपांत आहे. हिरवे द्रव्य म्हणजे हरितद्रव्य. त्याचीही सुरुवात पाच कार्बनच्या एका बिनरंगी विटेपासून होते, पण ही वीट निराळी. तिच्यात नायट्रोजन असतो. तिचे नाव अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल. तिचा शोध डेव्हिड शेमिन या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या कामातून लागला. १९४५ साली त्याने खुणेचा नायट्रोजन असलेले ६६ ग्रॅम ग्लायसिन तीन दिवसांत स्वतःच खाल्ले आणि नंतर कित्येक आठवडे स्वतःचे रक्त तपासत राहिला, तो नायट्रोजन रक्ताच्या लाल रंगात उतरतो का ते पाहायला. उतरला. पुढे १९५३ मध्ये ही पाच कार्बनची वीट हाती लागली. अशा आठ विटांतून एक मोठी कडी तयार होते. तिच्यात लोखंड बसले की रक्ताची लाली, मॅग्नेशियम बसले की पानाचा हिरवेपणा, आणि त्याच कडीला थोडे निराळे वळण देऊन कोबाल्ट बसवला की ब-१२ जीवनसत्त्व. हरितद्रव्याला वर एक वीस कार्बनची शेपटी असते, आणि ती शेपटी कॅरोटीनच्याच विटांची!

आता मिठागरात काय होते ते पाहा. पाणी आटत जाते तसा त्यातला नायट्रोजन जीवांनी खाऊन संपत येतो. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूला चार नायट्रोजन लागतात. ते मिळेनात म्हणजे हिरवे काम थंडावते. कॅरोटीनला मात्र नुसता कार्बन आणि हायड्रोजन पुरतो. शिवाय वर एप्रिल-मेचे ऊन. त्या उन्हाने पेशी जळू नये म्हणून डुनालिएला कॅरोटीनचे बारीक थेंब अंगात साठवून त्यांची छत्री करते. चांगल्या परिस्थितीत तिच्या कोरड्या वजनाचा दहावा हिस्सा नुसता बीटा-कॅरोटीन असू शकतो. ऑस्ट्रेलियात आणि इस्रायलमध्ये याच कारणाने या शेवाळाची शेती करतात. तेव्हा तांबडे पाणी ही उपासमारीची आणि उन्हाची खूण आहे. पाणी किती आटले याचा तो जिवंत मापकच, आणि आगरातला माणूस तो बरोबर वाचीत होता.

शेवाळ आणि आदिजीव यांचे शेजारही पाहण्यासारखे आहे. डुनालिएलाच्या पेशीला कठीण भिंत नसते. बाहेरचे मीठ तिचे पाणी ओढून घेईल, म्हणून ती आत ग्लिसरीन करून ठेवते. औषधाच्या दुकानात मिळते तेच ग्लिसरीन. पेशी फुटली की हे ग्लिसरीन पाण्यात उतरते आणि आदिजीव त्याच्यावर जगतात. शेवटच्या वाफ्यात तांबडेपणाचा मोठा वाटा या आदिजीवांचाच असतो, हे इस्रायलमधील एलातच्या मिठागरांवर १९९० नंतरच्या अभ्यासात दिसून आले. शेवाळाचे कॅरोटीन घट्ट थेंबांत दाबून बसलेले असते. आदिजीवांचे संख्येने पसरलेले. त्यांच्यात एक तर चौकोनी आहे, पातळ कागदाच्या तुकड्यासारखा. १९८० मध्ये अँथनी वॉल्सबी यांनी सिनाईच्या किनाऱ्यावर तो प्रथम पाहिला, आणि प्रयोगशाळेत तो वाढवता आला थेट २००४ साली. मिठाचा कण चौकोनी, आणि त्याच्या पाण्यात राहणारा जीवही चौकोनी! निसर्गाने यात काही हेतू ठेवला असेल असे मी म्हणत नाही, पण वर्गात हे सांगितले की मुले विसरत नाहीत.

या आदिजीवांची आणखी एक युक्ती आहे. खूप खाऱ्या पाण्यात प्राणवायू फार थोडा विरघळतो. श्वास कोंडला की त्यांच्यातले काही सूर्यप्रकाशावर काम चालवतात, आणि तेही हरितद्रव्याशिवाय. बीटा-कॅरोटीनचा रेणू मधोमध तोडला की रेटिनल मिळते. ते एका प्रथिनात बसवून जांभळ्या रंगाचा एक पडदा ते बनवतात. १९७१ साली ओस्टरहेल्ट आणि स्टोकेनियस यांनी हे दाखवले. हेच रेटिनल आपल्या डोळ्याच्या पडद्यात आहे, म्हणून तर आपल्याला दिसते. इथे कॅरोटीन स्वतःच कोणाचे तरी पूर्वरूप झाले. एकाचा शेवट तो दुसऱ्याचा आरंभ, असे हे सगळे काम चालते.

कोणी विचारील, की याचा मीठ करणाऱ्याला उपयोग काय? उपयोग आहे. काळसर-तांबडे पाणी स्वच्छ पाण्यापेक्षा ऊन अधिक शोषते, अधिक तापते आणि लवकर आटते. शिवाय वाफ्यांच्या तळाशी सूक्ष्म शेवाळांची जी जाडसर साय धरते ती पाणी जमिनीत मुरू देत नाही. ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतील मोठी मिठागरे या जीवांची राखण हिशेबाने करतात. सगळेच जीव उपकारक नसतात. एका जातीचे नीलहरित शेवाळ बुळबुळीत डिंकासारखे द्रव्य सोडते, पाणी चिकट होते आणि मिठाचा दाणा बारीक, मऊ पडतो. म्हणून मिठागर हे एक शेत आहे. त्यात पीक आहे, तण आहे, खत जास्त झाले तर बिघाड आहे. 'मीठ पिकवणे' हा शब्दप्रयोग करणाऱ्यांना हे सगळे रसायन माहीत नव्हते, पण शब्द त्यांनी चुकीचा निवडला नाही.

जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर एकाएकी गुलाबी झाले. सर्वत्र खळबळ उडाली. चमत्कार, कोप, प्रदूषण, जे ज्याला सुचेल ते त्याने सांगितले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितले की हे खारप्रेमी आदिजीवांचे काम आहे. उन्हाळ्याने पाणी घटले, खारटपणा वाढला आणि ते फोफावले. पाऊस पडून पाणी वाढल्यावर रंग ओसरला. पेण-उरणच्या एखाद्या जुन्या आगऱ्याला त्या दिवसांत कोणी तळ्याकाठी नेले असते तर तो फारसा दचकला नसता. पण त्याला विचारायचे कोणाला सुचले नाही. शास्त्रीय तपासणी हवीच; तरीही ज्या राज्याच्या किनाऱ्यावर शतकानुशतके दर उन्हाळ्यात हेच घडत आले, त्या राज्यात ते अघटित वाटावे, याचे मला वाईट वाटते.

रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंगही याच घराण्यातला. ठाण्याच्या खाडीत ते हजारोंनी उतरतात आणि २०१५ पासून तिथे त्यांच्यासाठी अभयारण्य आहे. रोहिताचे पिल्लू राखाडी असते. शेवाळ आणि बारीक जीव खाऊन खाऊन पिसांत रंग उतरतो.

मिठागरे मात्र कमी होत चालली. देशाच्या मिठाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग आज गुजरातेत पिकतो. उरणकडे १९७० नंतर नव्या मुंबईसाठी जमिनी गेल्या, १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. मीठ काढायला मजूर मिळेना, भाव परवडेना, बांधांची डागडुजी राहून गेली. बांध फुटले की उधाण आत शिरते आणि तिवरे उगवतात. तिवरे चांगलीच आहेत, किनारा राखतात. विकासाला नावे ठेवण्याचाही माझा हेतू नाही. बंदराने कित्येकांना भाकरी दिली. पण जागा गेली की त्या जागेवर उभे राहून जे ओळखता येत होते तेही जाते. जे कागदावर होते, म्हणजे मण आणि कर, ते दप्तरात राहील. रंग राहणार नाही.

शिक्षकबंधुभगिनींना एक प्रयोग सुचवतो. जवळपास चालू मिठागर असेल तर एप्रिलच्या सुमारास मालकाला विचारून शेवटच्या वाफ्यातले बाटलीभर तांबडे पाणी आणा. दोन काचेचे पेले घ्या. दोन्हींत एक-एक भाग हे पाणी ओता. एकात सहा भाग साधे पाणी घाला. दुसऱ्यात सहा भाग असे पाणी घाला की ज्यात मीठ विरघळेल तितके विरघळवून, वरचे निवळ काढून घेतले आहे. दोन्ही पेले उजेडासमोर धरा. खाऱ्या पाण्याच्या पेल्यातला गढूळपणा टिकून राहील. साध्या पाण्याच्या पेल्यातला थोड्या वेळात कमी होईल, कारण गोडे पाणी लागताच आदिजीव फुटतात. पहिल्या पावसात वाफ्यावाफ्यात हेच होते. मिठाच्या दाण्यात थेंबभर खारे पाणी अडकलेले असते, त्यात थोडे जीव तगून राहतात आणि पुढच्या हंगामाला बी म्हणून उपयोगी पडतात. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर एक थेंब काचपट्टीवर ठेवून पाहा. दोन शेपट्या हलवीत फिरणारी डुनालिएला दिसते.

आणि त्याच दिवशी मुलांना वही घेऊन गावातल्या म्हाताऱ्यांकडे पाठवा. आगरात वाफ्यांना, बांधांना, अवजारांना आणि पाण्याच्या निरनिराळ्या अवस्थांना जे शब्द होते ते जसे उच्चारले जातात तसे उतरवून घ्यायला सांगा. मुले बहुधा आधी मजुरी किती मिळायची ते विचारतील. तेही लिहू द्या. पण पाणी तयार झाले हे कशावरून ओळखत होतात, हा प्रश्न पहिला ठेवा.